ठ कुठे गेला, आणि त्यासाठी मला हेक्स का शिकावं लागलं

माझ्याकडे एक जुनी टेक्स्ट फाईल आहे, सात-आठ वर्षांच्या बारीकसारीक नोंदी, सगळ्या मराठीत. मध्ये कधीतरी एका प्रोग्रामातून दुसऱ्यात नेताना काहीतरी झालं आणि उघडून बघते तर मराठीचा पत्ताच नाही, त्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला बारका इंग्रजी ए, मग एक वाटोळं ज्याला चार कोपऱ्यांना चार पाय, मग कुठे गोलातला आर, कुठे तापमानाचं डिग्रीचं चिन्ह, कुठे पाऊण. 'मराठी' हा शब्द जिथे होता तिथे शेवटी चक्क येन आणि युरो. तुम्ही पण हे कधी ना कधी पाहिलं असणार, आणि माझ्यासारखंच "फॉन्टचा प्रॉब्लेम असेल" म्हणून सोडून दिलं असणार. फॉन्टचा काही संबंध नसतो.

म्हटलं बघू तरी आत काय भरलंय, म्हणून फाईल हेक्स एडिटरमधे उघडली, म्हणजे फाईलमधले कच्चे आकडे हेक्समधे, सोळाच्या पद्धतीत, दाखवणाऱ्या प्रोग्रामात. 'मराठी'च्या जागी हे होतं:

ई० ए४ एई ई० ए४ बी० ई० ए४ बीई ई० ए४ २० ई० ए५ ८०

(हेक्समधले ए ते एफ मी इथे बोलतो तसेच देवनागरीत लिहितेय, डोळ्यांना सवय व्हायला दोन ओळी लागतील.) जोड्या मोजल्या तर पंधरा. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी अशा पाच गोष्टी, प्रत्येकीला तीन-तीन बाइट (एक जोडी म्हणजे एक बाइट), इथपर्यंत लक्षात आलं. पुढे मी नुसती बघत बसले. म्हणजे बायनरी-हेक्सच्या धड्यावर परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क घेतलेली बाई मी, आणि समोरची एक ओळ वाचता येईना.

त्या पैकीच्या पैकीमधे पण एक गोम आहे, ती सांगतेच. डेसिमलमधून (आपले रोजचे दहाचे आकडे) बायनरीत (नुसते ० आणि १) जायची रीत सगळ्यांना माहितीये: दोनने भागत जायचं, बाकी बाजूला लिहीत जायच्या, शेवटी त्या बाकी खालून वर वाचायच्या. मी कितीतरी दिवस वरून खाली वाचत होते आणि तरी उत्तरं बरोबर येत होती! कारण सरावाला घेतलेले आकडे ५, ७, ९. म्हणजे १०१, १११, १००१. कुठूनही वाचा, तेच. मग मी स्वतः हुशारी करून मोठा आकडा घेतला तो २७, त्याचं ११०११, तेही उलटसुलट सारखंच, नशीबच म्हणायचं. शेवटी वर्गात १५६ आला आणि माझं उत्तर निघालं ५७. मग "खालून वर, खालून वर" असं घोकलं आणि परीक्षा पार पडली, पण खालूनच का ते ना कोणी सांगितलं ना मी विचारलं.

आता उत्तर इतकं सोपं वाटतं की स्वतःचाच राग येतो. १५६ ला दोनऐवजी दहाने भागून बघा. बाकी ६, भागाकार १५. परत भागा, बाकी ५, भागाकार १. परत भागा, बाकी १. बाकी वरून खाली वाचल्या तर ६५१, खालून वर वाचल्या तर १५६. म्हणजे भागाकार आकडे काढून देतो तेच मुळी एकंपासून, जसं आपण एकं, दहं, शतं म्हणताना उजवीकडून सुरू करतो तसंच, आणि लिहायचं मात्र डावीकडून असतं. बस. बायनरीत फक्त दहं-शतंच्या जागी दोन, चार, आठ, सोळा अशी घरं आहेत, आणि पहिली बाकी सांगते की आकडा सम आहे की विषम.

१५६ पुरा करून टाकू. निम्मे निम्मे करत गेलं की १५६, ७८, ३९, १९, ९, ४, २, १ अशी उतरण लागते, सम असेल तिथे ० आणि विषम असेल तिथे १ लिहायचं, तर ०, ०, १, १, १, ०, ०, १. खालून वर वाचलं की १००१११००. पडताळा घ्यायचा तर १ कुठे कुठे आहेत ते बघा, १२८, १६, ८ आणि ४ च्या घरात, बेरीज १५६.

उलट दिशेला, म्हणजे बायनरीतून डेसिमलमधे यायला, पुस्तकी रीत अशी की प्रत्येक घराची किंमत वर लिहा आणि १ असलेली घरं मिळवा. चालतं, पण मला ती आवडत नाही, आठ घरांपर्यंत ठीक, पुढे किंमती लिहिण्यातच जीव जातो. त्यापेक्षा डावीकडून चालत जायचं आणि प्रत्येक पावलाला हातातला आकडा दुप्पट करून पुढचा अंक मिळवायचा. १००१११०० घ्या: पहिला १. दुप्पट २, अधिक ० म्हणजे २. दुप्पट ४, अधिक ०. दुप्पट ८, अधिक १ म्हणजे ९. मग १९, ३९, ७८, १५६. आता वरची उतरण परत बघा! तेच आकडे, तीच पायरी न पायरी, फक्त आता वर चढतोय. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खरोखर खुर्चीत सरळ झाले, कारण तोपर्यंत माझ्या डोक्यात या दोन वेगवेगळ्या रीती होत्या, दोन वेगवेगळ्या पानांवरच्या, आणि त्या निघाल्या एकाच जिन्याच्या दोन दिशा.

तर आता हेक्स. हेक्सची भीती वाटते ती त्या अक्षरांमुळे. दहापासून पंधरापर्यंतच्या आकड्यांना एकेकच चिन्ह हवं आणि आपल्याकडे अंक फक्त दहा, म्हणून सहा अक्षरं उसनी घेतली, ए म्हणजे १०, बी ११, असं करत एफ म्हणजे १५. ही अक्षरं काही आभाळातून पडलेली नाहीत बरं का, १९५२ च्या इलियाक नावाच्या कॉम्प्युटरवर याच सहा जागांना के, एस, एन, जे, एफ, एल अशी अक्षरं होती, म्हणजे तिथे एफ म्हणजे १४! १९६४ मधे आयबीएमची सिस्टीम ३६० आली, आठ बिटचा (बिट म्हणजे बायनरीचा एक अंक) बाइट आणि ए ते एफ वालं हेक्स घेऊन, आणि हळूहळू सगळ्यांनी तेच उचललं. मला तर वाटतं बरंच झालं, के-एस-एन-जे पाठ करायची वेळ आली असती तर मी हा विषयच सोडला असता.

पण मला खरं जे सांगायचंय ते हे, की बायनरी आणि हेक्स यांच्यात "रूपांतर" असं काही होतच नाही. तुम्ही आकडा बदलत नाही, फक्त चार-चारचे गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठ्याला टोपणनाव देता. १००१ ११०० हे दोन गठ्ठे, पहिला ९, दुसरा १२ म्हणजे सी, झालं ९सी. भागाकार नाही, बेरीज नाही. परत यायचं तर ९ च्या जागी १००१ आणि सी च्या जागी ११०० ठेवून द्या. शंभर अंकी बायनरी असला तरी हेच, एका गठ्ठ्याचं दुसऱ्याला काही घेणंदेणं नाही.

असं का जमतं? कारण १६ म्हणजे २ चा चौथा घात, चार बायनरी घरांत जे काही मावतं ते बरोबर सोळा प्रकारचं, ना एक कमी ना एक जास्त. दहाचं तसं नाही, दहा हा दोनचा कुठलाच घात नाही, त्याच्या पोटात ५ बसलेला आहे. म्हणून बायनरीत डावीकडच्या टोकाचा एखादा बिट बदलला तर डेसिमलमधे सगळेच्या सगळे आकडे हलतात, १५६ मधून १२८ चा बिट काढला की २८, शेवटचा ६ सुद्धा ८ झाला. हेक्समधे तोच बिट काढला की ९सी चं १सी, सी जागचा हलला नाही. हाच तो पोटातला ५ पुढे अपूर्णांकातही छळतो, ०.१ हा आकडा बायनरीत कधी संपतच नाही, ०.०००११००११००११ असा चालूच राहतो, आणि मग प्रोग्राममधे ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ असलं काहीतरी बाहेर पडतं आणि लोक कॉम्प्युटरला वेड्यात काढतात.

गठ्ठे करताना एकच ठिकाणी पाय घसरतो. गठ्ठे उजवीकडून करायचे. १११०१० हा आकडा घ्या, डावीकडून तोडला तर १११० आणि १०, म्हणजे ई२ वाटेल, म्हणजे २२६, आणि खरा आकडा आहे ५८. उजवीकडून तोडा, १०१० आणि उरले ११, त्यांच्या डावीला दोन शून्यं लावून ००११, म्हणजे ३ए. पुन्हा तेच एकंपासून सुरू करणं आलं.

सोळा गठ्ठ्यांचा तक्ता पाठ करायला लोक सांगतात, मी नाही केला. ० ते ७ तर तीन बिटांत येतातच, ८ आणि ९ म्हणजे १००० आणि १००१. राहिली सहा अक्षरं, त्यातली तीन लक्षात ठेवली: ए म्हणजे १०१० (एकाआड एक), सी म्हणजे ११०० (अर्धे भरलेले अर्धे रिकामे), एफ म्हणजे ११११ (फुल्ल). बी हा ए च्या पुढचा, डी हा सी च्या पुढचा, ई हा एफ च्या आधीचा. दोन-तीन दिवसांत हात बसतो.

हेक्समधून डेसिमलमधे जायला मात्र खरंच गणित करावं लागतं, पण बाइटएवढ्या आकड्याला ते तोंडी होतं: पहिला अंक गुणिले १६ अधिक दुसरा. ए५ म्हणजे १० गुणिले १६ अधिक ५, १६५. वेबवरचा ऑरेंज रंग माहितीये ना, एफएफए५००, त्याच्या तीन जोड्या पाडा, एफएफ म्हणजे लाल २५५, ए५ म्हणजे हिरवा १६५, ०० म्हणजे निळा अजिबात नाही. डेसिमलमधून हेक्समधे जायला १६ ने भागा, आकडा मोठा असेल तर मी सरळ निम्मे निम्मे करून बायनरी काढते आणि मग गठ्ठे पाडते. लांबचा रस्ता आहे पण चुका कमी होतात, १६ चा पाढा माझा कच्चा आहे हे एक कारण, लपवत नाही.

आणि हो, आकडा कुठल्या पद्धतीतला आहे हे लिहीत जा रे बाबांनो. १० हे नुसतं लिहिलं तर ते दहा, दोन किंवा सोळा काहीही असू शकतं. हेक्सच्या आधी ०एक्स आणि बायनरीच्या आधी ०बी लावायची पद्धत त्यासाठीच आहे. सी भाषेत तर नुसतं शून्य आधी लावलं तरी घोटाळा, ०१० म्हणजे तिथे ८, कारण आधीचा शून्य म्हणजे ऑक्टल, आठाची पद्धत, तीन-तीनचे गठ्ठे. एकदा रांगा सरळ दिसाव्यात म्हणून मी आकड्यांना आधी शून्यं लावली होती, अर्धा दिवस गेला. आणि हेक्स कोडची यादी स्प्रेडशीटमधे चिकटवायच्या आधी तो रकाना टेक्स्ट करून घ्या, नाहीतर १ई५ ला तो एक लाख समजतो आणि ००७ए शेजारचा ००७५ नुसता ७५ होऊन बसतो. एकाच रकान्यात काही कोड बरोबर, काही बिघडलेले, आणि बिघडलेले नेमके ते ज्यांत अक्षर नाही किंवा एकटा ई आहे, हे कळेपर्यंत डोकं आउट होतं.

एक गंमत सांगते आणि मग फाईलकडे वळते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या अंकांचा आकडा करणाऱ्या इंट फंक्शनला देवनागरी अंकांची स्ट्रिंग दिली तरी चालते, अवतरणात १००१११०० आणि पुढे बेस २ दिला की तो बिनतक्रार १५६ देतो. मला हे योगायोगाने कळलं, कीबोर्ड मराठीवर राहिला होता.

तर फाईल. पहिले तीन बाइट, ई० ए४ एई. डेसिमलमधे हे २२४, १६४, १७४. या तीन आकड्यांकडे तासभर बघत बसलात तरी काही दिसणार नाही. आता गठ्ठे उलगडा:

१११० ०००० १०१० ०१०० १०१० १११०

यूटीएफ-८ म्हणजे अक्षरांचे आकडे बाइटमधे लिहायची पद्धत, तिचा नियम असा की पहिला बाइट १११० ने सुरू झाला तर समजायचं अक्षर तीन बाइटचं आहे, आणि मागून येणारे दोन्ही बाइट १० ने सुरू होणार, म्हणजे "मी पहिला नाही, मागचा आहे" अशी पाटी. या पाट्या काढून टाकल्या की माल उरतो. पहिल्यातून ००००, दुसऱ्यातून १००१००, तिसऱ्यातून १०१११०. चिकटवा एकापुढे एक आणि परत उजवीकडून चारचे गठ्ठे करा:

०००० १००१ ००१० १११०

०९२ई. युनिकोडमधे, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकेक आकडा देणाऱ्या यादीत, देवनागरीचा वाडा ०९०० पासून ०९७एफ पर्यंत आहे आणि त्यात ०९२ई या खोलीत राहतो म. डेसिमल हवं असेल तर ९ गुणिले २५६, अधिक २ गुणिले १६, अधिक १४, म्हणजे २३५०. हाताने काढलेला पहिला म! मी कागदावर तारीखसुद्धा घालून ठेवलीये.

मग बाकीचं आपोआप सुटलं. कचरा का दिसत होता तर फाईल वाचणारा प्रोग्राम तीन बाइटचं एक अक्षर न धरता प्रत्येक बाइटचं एकेक अक्षर करत होता, विंडोजच्या जुन्या पश्चिम युरोपी तक्त्याप्रमाणे. त्या तक्त्यात ई० म्हणजे तिरक्या रेघेचा ए, म्हणून तो दर तीन चिन्हांमागे हजर, ए४ म्हणजे ते चार पायांचं वाटोळं, एई म्हणजे गोलातला आर. आणि दुसरी वेलांटी ०९४०, तिचे बाइट ई० ए५ ८०, ए५ म्हणजे येन, ८० म्हणजे युरो. देवनागरीच्या वाड्याचा ०९३एफ पर्यंतचा अर्धा भाग ए४ वाला आणि ०९४० पासूनचा अर्धा ए५ वाला आहे, त्यामुळे दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त आले की येन येणार, आणि अ, आ, क, ख, म, काना, पहिली वेलांटी आली की वाटोळं. आता मला असा कचरा दिसला की कुठे मात्रा आहे ते साधारण सांगता येतं, याचा जगात काही उपयोग नाही.

उपाय तर दोन क्लिकचा होता, फाईल यूटीएफ-८ म्हणून उघडायची. उघडली. सगळं मराठी परत आलं, फक्त ठ नाही. 'मराठी'चं 'मरा' आणि मग चौकोनात प्रश्नचिन्ह, 'साठी' तसंच, 'कुठे', 'मोठा', 'आठवण', 'पाठवलं', फाईलभर जिथे जिथे ठ तिथे तिथे भोक. एकच अक्षर कसं काय जातं?

ठ ची खोली ०९२०, पाट्या लावल्या की बाइट व्हायला हवेत ई० ए४ ए०. माझ्या फाईलमधे काय आहे ते वर जाऊन बघा, ई० ए४ २०. मघाशी मी ती ओळ अशीच सोडून दिली होती. ए० म्हणजे त्या जुन्या तक्त्यात न तुटणारी स्पेस, दिसायला साध्या स्पेससारखीच. मधल्या कुठल्यातरी प्रोग्रामाने फाईल तशी वाचली, त्याला वाटलं या कुठल्या चमत्कारिक स्पेस, आणि सफाई म्हणून सगळ्यांच्या साध्या स्पेस करून परत सेव्ह केलं. साधी स्पेस म्हणजे २०, डेसिमलमधे ३२. १६० चे ३२ झाले. बायनरीत लिहून बघितलं तर १०१० ०००० चं ००१० ००००, फक्त डावीकडचा पहिला बिट गेला होता, आणि "मी मागचा आहे" ही पाटी नेमकी तिथूनच सुरू होते, ती गेली म्हणून यूटीएफ-८ वाचणाऱ्याने ते अक्षर नाकारलं.

पाटी नसलेला २० हा ई० ए४ च्या मागे कायदेशीरपणे येऊच शकत नाही, म्हणजे ई० ए४ २० जिथे सापडेल तिथे तो हरवलेला ठच, दुसरं कोणी नाही. हेक्स एडिटरमधे शोधा आणि बदला, ई० ए४ २० च्या जागी ई० ए४ ए०, आधी एक कॉपी बाजूला ठेवून. ओके दाबलं, फाईल बंद करून परत उघडली आणि पहिल्याच ओळीत लिहिलेलं दिसलं, "दुकानात जाताना पिशवी आठवणीने घेणे".